मॅच अंधेरीत, हजेरी जळगावात: आधी परतीची गाडी धरा

मी जळगावात एका दालमिलमध्ये हिशेब लिहितो. सकाळी साडेआठला तुरीची पहिली गाडी काट्यावर लागते आणि तेव्हा मला टेबलावर असावंच लागतं. रजा मोजून बारा. त्यात लग्नं, दहावे, पोरीच्या शाळेची कामं सगळं बसवायचं. तरी 2018 पासून मी मुंबईला फुटबॉल पाहायला जातो. रविवारची मॅच असली तर एकही रजा जात नाही, मधल्या वारची असली तर एक जाते. जळगाव ते सीएसएमटी 420 किलोमीटर आहे. जाऊन-येऊन साडेआठशेच्या आसपास पडतं आणि मधे नव्वद मिनिटांचा खेळ. हे कसं जमवायचं असं आमच्या पिंप्राळ्यातली पोरं सारखी विचारतात. प्रत्येकाला चहाच्या टपरीवर उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढतो.

आपल्याकडची पोरं काय करतात? मॅच जाहीर झाली की आधी मॅचचं तिकीट काढतात. मग जायची गाडी बघतात. परतीचं मात्र ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतात. हा क्रम उलटा करा. आधी परतीची गाडी, मग जायची, आणि मॅचचं तिकीट शेवटी. अंधेरीच्या मैदानाचं तिकीट बहुतेक मॅचना शेवटच्या आठवड्यातही मिळतं. मध्यरात्रीच्या गाडीचा बर्थ मात्र तुमच्यासाठी थांबत नाही, कारण त्या गाडीत अर्धा उत्तर प्रदेश बसलेला असतो.

याचं कारण साधं आहे. मॅच साधारण साडेसातला सुरू होते. पंचेचाळीस, पंधरा, पंचेचाळीस आणि वरची वाढीव मिनिटं धरली की साडेनऊ वाजतात. खान्देशच्या हक्काच्या दोन गाड्या म्हणजे विदर्भ आणि अमरावती एक्स्प्रेस. दोन्ही संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान सीएसएमटीहून सुटतात. म्हणजे तुम्ही राष्ट्रगीताला किंवा पहिल्या कॉर्नरला उभे असता तेव्हा त्या सुटलेल्या किंवा सुटायच्या बेतात असतात. काही मॅच पाच वाजता असतात, तेव्हाही या दोन गाड्यांच्या भरवशावर राहू नका. मी एकदा राहिलो आणि सामना संपायच्या वीस मिनिटं आधी उठून आलो. उरलेला सामना जिन्यावरून नुसता आवाजाने ऐकला. पुन्हा तसं करणार नाही.

मग उरतात त्या मध्यरात्रीच्या आगेमागे सुटणाऱ्या गाड्या. त्यात जळगाव आणि भुसावळला थांबणारी आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेली म्हणजे वाराणसीची महानगरी. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून तुमच्या तारखेला कोणत्या गाड्या आहेत ते रेल्वेच्या ॲपवर पाहूनच ठरवा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. मॅचची तारीख कळली त्याच दिवशी संध्याकाळी परतीचं तिकीट काढून ठेवा. मॅच पुढे गेली तर तिकीट रद्द करताना थोडे पैसे कापले जातात, तेवढे जाऊ द्या.

आणि आता ज्या चुकीमुळे मी हे सगळं शिकलो ती सांगतो.

बारा वाजून दहा मिनिटांची तारीख

जून 2018. अंधेरीत इंटरकॉन्टिनेंटल कपच्या मॅच होत्या. भारत आणि चायनीज तैपेईच्या पहिल्या मॅचला अडीच हजारांच्या आसपास माणसं आली होती. भारताच्या कर्णधार सुनील छेत्रीने त्यात तीन गोल मारले आणि दुसऱ्या दिवशी, 2 जूनला, मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला: स्टेडियममध्ये या, आमच्यावर टीका करायची असेल तरी या, पण या. मी तो मिलच्या गोदामात, बारदानाच्या थप्पीवर बसून पाहिला. तिथून उठलो तो थेट तिकीट काढायलाच. 4 जूनची केनियाविरुद्धची मॅच छेत्रीची भारतासाठी शंभरावी होती. 3 तारखेला रात्री जळगावहून अमरावती-मुंबई एक्स्प्रेस धरली, 4 तारखेला सकाळी मुंबईत, संध्याकाळी मैदानात.

पाऊस असा होता की पहिल्या अर्ध्यात चेंडू गवतावर पुढे सरकतच नव्हता, पाण्यात रुतून बसत होता. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. मग दुसऱ्या अर्ध्यात छेत्रीचा पेनल्टीवर एक, लगेच जेजेचा एक, आणि अगदी शेवटी पुन्हा छेत्री. तीन-शून्य. मैदान काठोकाठ भरलेलं. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाने मला असं घट्ट धरलं की त्याच्या रेनकोटचं पाणी माझ्या बनियनमध्ये उतरलं.

तिथून लोकलने दादर, दादरहून सीएसएमटी. महानगरी लागलेली. डब्यात चढलो तर माझ्या बर्थवर एक कुटुंब अंथरूण घालून बसलेलं. मी तिकीट दाखवलं, त्यांनी त्यांचं दाखवलं. बर्थ तोच, डबा तोच. टीसी आला, त्याने माझ्या मोबाइलकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, तुमची गाडी काल रात्रीच गेली.”

गाडी सुटते बारा वाजून दहा मिनिटांनी. 4 तारखेची मॅच म्हणून मी परतीचं तिकीट 4 तारखेचं काढलं होतं. पण 4 तारखेचे बारा-दहा म्हणजे 3 तारखेची रात्र संपून सुरू झालेले. मी मुंबईकडे येत होतो तेव्हा माझी परतीची गाडी नाशिकच्या आसपास समोरच्या रुळावरून माझा रिकामा बर्थ घेऊन निघून गेली असणार. मग खाली उतरून जनरलचं तिकीट काढलं आणि ओल्या कपड्यांत, संडासाच्या दाराशी एका पायावर भार टाकत जळगावपर्यंत आलो. मिलमध्ये पोचायला साडेनऊ झाले आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला.

म्हणून पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: रात्री बारानंतर सुटणाऱ्या गाडीचं तिकीट मॅचच्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेचं काढायचं. शनिवारी मॅच तर तिकीट रविवारचं. काढल्यावर घरातल्या आणखी एका माणसाला ते वाचायला द्या आणि विचारा, “ही गाडी कोणत्या रात्री आहे?” माझ्याकडे हे काम आता माझी पोरगी करते. ती नववीत आहे, शाळेच्या संघात गोलकीपर आहे आणि तारखेच्या बाबतीत माझ्यापेक्षा पक्की आहे.

वेटिंगवर विसंबू नका. ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. आरएसी असेल तर खुशाल निघा, निदान बसायला तरी जागा मिळते. तत्काळ हा शेवटचा मार्ग आहे. ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला. त्यासाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते आजच करून ठेवा. अकराला दोन मिनिटं कमी असताना ओटीपीच्या मागे लागू नका.

गाडीत कल्याणला चढा

मुंबईच्या बाहेरच्या माणसाला वाटतं की गाडी जिथून सुटते तिथूनच धरावी. आपल्यासाठी ते चूक आहे. अंधेरीहून सीएसएमटीला जाणं म्हणजे आधी घराच्या उलट दिशेला दक्षिणेकडे जाणं आणि मग त्याच गाडीत बसून पुन्हा कल्याणला येणं. त्याऐवजी तिकीट काढतानाच बोर्डिंग कल्याणचं टाका. सीएसएमटीचं टाकलं असेल तर चार्ट लागायच्या आत ॲपवर बदलता येतं. एकदा बदललं की मग सीएसएमटीहून त्या बर्थवर बसायचा हक्क राहत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

सीएसएमटीहून सुटलेल्या गाडीला कल्याणला यायला साधारण पाऊण ते एक तास लागतो. तो तास तुमच्या पदरात पडतो. साडेनऊला सुटलेला माणूस बारा-दहाला सीएसएमटीला पोचेलही, पण धापा टाकत. कल्याणला तो माणूस साडेअकरा-पावणेबारापर्यंत येतो, हातपाय धुतो, चहा पितो. ठाण्यालाही काही गाड्या थांबतात, पण सगळ्या नाही. कल्याणला आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या थांबतात, म्हणून मी कल्याणच धरतो.

अंधेरीची वाट: घाटकोपर आणि मेट्रो

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचं घरचं मैदान अंधेरी पश्चिमेला शहाजीराजे क्रीडा संकुलात आहे. 2016 पासून संघ तिथं खेळतो, त्याआधीचे दोन हंगाम नेरुळला होते. अंधेरी पश्चिम रेल्वेवर आणि आपण येतो मध्य रेल्वेने. हे दोन रूळ जोडायचे कुठे, हाच सगळा प्रश्न. जुनी माणसं दादर सांगतात. मी सांगतो, घाटकोपर.

ठाण्याला किंवा कल्याणला उतरा, लोकलने घाटकोपरला या, तिथं स्टेशनच्या पुलावरूनच मेट्रोत शिरता येतं. ही मेट्रोची पहिली मार्गिका, वर्सोवा ते घाटकोपर, 2014 ला सुरू झाली. लांबी जेमतेम साडेअकरा किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम मुंबई तिने वीस-बावीस मिनिटांत जोडली. वर्सोव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा आणि आझाद नगरला उतरा. पाटीवर अंधेरी दिसलं म्हणून अंधेरीला उतरू नका. अंधेरी हे त्याच्या आधीचं स्टेशन आहे आणि तिथून रिक्षाच्या रांगेत अर्धा तास जातो. आझाद नगरहून मैदान पायी दहा मिनिटांवर आहे. वाट विचारायची गरज पडत नाही, निळे टी-शर्ट ज्या दिशेने चालले असतील तिकडे चालायचं.

लोकलचं तिकीट मोबाइलवर काढायचं तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. मेट्रोचं परतीचं तिकीटही मॅचच्या आधी मोबाइलमध्ये हवं. मॅच सुटल्यावर आझाद नगरच्या खिडकीपुढे जी रांग लागते तीत मी एकदा पंचवीस मिनिटं घालवली आहेत आणि ती पंचवीस मिनिटं त्या दिवशी फार महाग पडली असती, पण गाडीच उशिरा आली म्हणून निभावलं.

रविवारची मॅच असेल तर मेगाब्लॉक पाहिल्याशिवाय घर सोडू नका. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी दिवसा काही तास जलद किंवा धीम्या मार्गावरच्या लोकल बंद असतात किंवा वळवलेल्या असतात. कोणत्या मार्गावर, किती ते किती, हे आदल्या दिवशीच्या पेपरात येतं. मी रविवारी एक तास जास्तीचा धरूनच निघतो.

जायला पहाटेची गाडी असेल तर दुपारी ठाण्याला पोचता. रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने गेलात तर भल्या सकाळीच मुंबई. मग संध्याकाळपर्यंत करायचं काय? तरुण पोरं फिरतात. मी आता चाळिशी ओलांडली, मला दिवसभर उन्हात फिरून रात्री ओरडायला घसा उरत नाही, म्हणून मी पहाटेचीच धरतो.

पिशवी

हे छोटं वाटतं, पण माझ्या भाच्याची मॅच यापायी अर्धा तास बुडाली. मैदानाच्या गेटवर मोठी पिशवी, पाण्याची बाटली, लायटर असलं काही आत जाऊ देत नाहीत. काय चालतं आणि काय नाही ते तिकिटासोबत आलेलं असतं, ते वाचा. बाहेरगावच्या माणसाजवळ पिशवी असतेच. त्यावर उपाय रेल्वेचं क्लोकरूम. कल्याणला, दादरला आहे. पण तिथं कुलूप नसलेली पिशवी घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. म्हणून चेनच्या पिशवीला लावायला एक लहानसं कुलूप घरूनच न्या. कल्याणला ठेवलेली पिशवी रात्री कल्याणलाच उचलायची, त्यामुळे वाट वाकडी होत नाही. क्लोकरूम रात्री किती वाजेपर्यंत उघडं आहे ते ठेवतानाच विचारून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर माझी बायको दशम्या देते, दुधात भिजवलेल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि चार केळी. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मी चार जाताना खातो आणि चार पिशवीत कुलुपात ठेवतो, रात्रीसाठी. कल्याणला रात्री बाराला जे खायला मिळतं त्यापेक्षा ती शिळी दशमी हजार वाटांनी चांगली. शेवभाजी मात्र नेऊ नका. तिचा रस्सा डब्यातून गळतोच, आणि त्याची तर्री जर्सीवरून जन्मात निघत नाही.

शिट्टी झाल्यावर

शेवटच्या शिट्टीपर्यंत बसा. त्यासाठीच आलो आहोत. पण शिट्टी झाली की खेळाडू मैदानाला फेरी मारून टाळ्या घेतात, ती पाच-सात मिनिटं थांबायची की नाही हे आधीच ठरवा. मी थांबतो, कारण माझं गणित कल्याणचं आहे. ज्याचं सीएसएमटीचं आहे त्याने थांबू नये.

मग मिनिटं अशी जातात. गेटबाहेर पडायला दहा. आझाद नगरपर्यंत चालायला दहा, गर्दी असेल तर पंधरा. जिन्यावर आणि सुरक्षा तपासणीत वीस. मेट्रोत वीस. घाटकोपरला उतरून लोकलच्या फलाटावर यायला दहा. कल्याणची जलद लोकल मिळाली तर पाऊण तासाच्या आत, धीमी असेल तर तासभर. बेरीज साडेअकरा-पावणेबारा. एखादी गोष्ट बिघडली तरी पदरात अर्धा-पाऊण तास राहतो. दोन गोष्टी बिघडल्या तर मात्र धावावं लागतं. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, त्यामुळे खाऊन मग निघू असा विचार मैदानाजवळ करू नका. खायचं ते कल्याणला.

गर्दीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आता मी पोरीला घेऊन जातो आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलींना खेळाची आवड असून घरचे रात्रीच्या प्रवासाला घाबरून पाठवत नाहीत. केरळ ब्लास्टर्स मुंबईत खेळायला येतो तेव्हा मैदानात पिवळे टी-शर्ट निळ्यांच्या तोडीस तोड असतात. मुंबईत राहणारी मल्याळी माणसं कुटुंबासकट येतात. अशाच एका मॅचनंतर आझाद नगरच्या जिन्यावर आम्ही दोघं अडकलो. पुढची रांग थांबलेली, मागून लोंढा, वरून ढोल. पोरीचा हात माझ्या हातातून सुटला. दोन पायऱ्या पुढे पिवळी साडी नेसलेली, माझ्या आईच्या वयाची एक बाई होती. तिने मागे वळून काही न बोलता पोरीच्या दंडाला धरलं, कठड्याच्या बाजूला घेतलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला उभी राहिली. वर पोचेपर्यंत सोडलं नाही. वर गेल्यावर तिने पोरीच्या निळ्या जर्सीवर बोट ठेवलं, स्वतःच्या साडीवर ठेवलं आणि हसली. गाडी आली, ती बायकांच्या डब्याकडे गेली. नावही विचारायचं राहिलं.

तेव्हापासून आमचा नियम: जिना चढताना कठड्याच्या बाजूने पोरगी, बाहेरून मी, आणि हात न धरता मनगट धरायचं. हात घामाने सुटतो, मनगट सुटत नाही. चुकामूक झालीच तर भेटायची जागा आधी ठरलेली: घाटकोपरला, लोकलच्या फलाटावर उतरणाऱ्या पुलाच्या तोंडाशी. मैदानाबाहेर ठरवू नका, तिथं मोबाइलला रेंज मिळत नाही. ती जागा मी जातानाच तिला बोटाने दाखवतो. माझा नंबर कागदावर लिहून तिच्या मोज्यात असतो. मुली-मुलीच जाणार असाल तर लोकलमध्ये बायकांच्या डब्यात बसा. रात्री त्या डब्यात पोलीस असतो.

घोषणा मैदानात द्या, मेट्रोत द्या, तिथं सगळा डबाच आपला असतो. लोकलमध्ये मात्र रात्रपाळीहून घरी निघालेली माणसं उभ्या उभ्या झोपलेली असतात, तिथं आवाज खाली आणा. आणि रात्रीच्या आरक्षित डब्यात तर अजिबात नाही. दहानंतर दिवे मालवून झोपायचा तो डबा आहे. हरलेल्या संघाच्या माणसाला डिवचण्यात मला कधीच गोडी वाटली नाही. तोही आपल्यासारखाच कुठूनतरी लांबून आलेला असतो.

नेरुळ आणि पुणे

मोठ्या मॅच कधीकधी नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या झाल्या, 2022 च्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल तिथंच झाली. नेरुळ खान्देशवाल्याला अंधेरीपेक्षा सोपं आहे. ठाण्याला उतरायचं आणि तिथून ट्रान्स-हार्बरची नेरुळ लोकल. मुंबईत शिरायचीच गरज नाही.

6 नोव्हेंबर 2023 ला तिथं मुंबई सिटीशी खेळायला सौदीचा अल-हिलाल क्लब आला. भाच्याने तिकीट नेमारसाठी काढलं होतं आणि मॅचच्या तीन आठवडे आधी नेमारचा गुडघा गेला. तो आलाच नाही. भाचा दोन दिवस जेवला नाही, पण आम्ही गेलो आणि मुंबई दोन-शून्यने हरली तरी त्या रात्रीचं त्याला आजही आठवतं. त्याच आठवड्यात दिवाळी होती, त्यामुळे खान्देशकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या वेळी मी परतीचा हट्ट धरला नाही. ऐरोलीला मावसबहीण राहते, ती त्याच ट्रान्स-हार्बरवर. तिच्याकडे झोपलो आणि सकाळी कल्याणहून निघालो. सण पुढ्यात असेल तेव्हा एक रजा जाऊ द्या, नातेवाइकाचं घर शोधा. त्यांना आठवडाभर आधी फोन करा आणि जाताना भरताची वांगी न्या, मुंबईत तशी मिळत नाहीत.

पुण्याला बालेवाडीला मी एकदाच गेलो, सप्टेंबर 2023 मध्ये, इराणचा नस्साजी आला होता तेव्हा. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते. खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांनी त्या रात्री भाडं दुपटीच्या वर नेलं होतं. बालेवाडीसाठी माझा सल्ला एवढाच, की सणाची तारीख आधी पाहा.

धुळे, नंदुरबार, अमळनेरकरांसाठी

धुळ्याहून मुंबईला जायला सकाळी निघून दुपारी पोचणारी थेट गाडी आहे, जाण्यासाठी ती उत्तम. परत येताना ती कामाची नाही, ती मुंबईहून दुपारीच सुटते. धुळेकरांनी रात्री महामार्गाची बस धरावी. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या रात्रीच्या बस ठाणे, भिवंडीकडून जातात. त्यामुळे अंधेरीहून उलटं बोरिवलीला किंवा दादरला जाऊ नका, मेट्रोने घाटकोपर आणि लोकलने ठाणे. बस कुठे थांबते ते बुकिंगच्या वेळी चालकाच्या फोनवर पक्कं करा, मोबाइलच्या नकाशावरचं ठिकाण आणि खरं ठिकाण यात कधीकधी अर्धा किलोमीटरचा फरक असतो. दुसरा मार्ग चाळीसगावचा: चाळीसगावला थांबणारी रात्रीची गाडी धरायची आणि पहाटे तिथून धुळ्याची गाडी किंवा एसटी. सोबत बायका असतील तर एसटीत त्यांना अर्धं तिकीट लागतं.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावं सुरतेच्या लाइनवर. तुम्हाला मध्य रेल्वेकडे जायचंच नाही. खान्देश एक्स्प्रेस मुंबईहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटते आणि बोरिवलीला थांबते. अंधेरीहून बोरिवली लोकलने अर्ध्या तासाच्या आत. म्हणजे मॅच पाहून निवांत पोचता. पण ती रोज धावत नाही, ठरावीक दिवसच असते. आणि बाराच्या आधी की नंतर, हे पाहून तारीख टाका. माझी चूक तुम्ही करू नका.

कल्याणचा फलाट

कल्याणला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. आपला डबा कुठे लागणार ते इंडिकेटरवर आणि ॲपवर पाहून त्याच जागी आधीपासून उभं राहा. चोवीस डब्यांच्या गाडीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पिशवी घेऊन पळणं होत नाही.

तिथं वाट पाहताना मी एक चादर अंथरतो. पोरगी जर्सीवर स्वेटर घालून तिच्यावर आडवी होते. मागच्या खेपेला बाजूला एक म्हातारे बाबा बसले होते, धोतर, टोपी, पायाशी गोणी. बराच वेळ पोरीच्या गळ्यातल्या निळ्या मफलरीकडे पाहत होते.

“कथा चालना भाऊ?”

अहिराणी ऐकली आणि रात्रीच्या साडेबाराला घर जवळ आल्यासारखं वाटलं. म्हटलं, “जळगाव. मॅच देखाले येल व्हतू.” ते अमळनेर तालुक्यातले, मुंबईत पोराकडे आले होते, जळगावला उतरून पुढे जाणार होते. फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता. पोरीने उठून त्यांना पायाने न मारता हाताने चेंडू अडवायचं काम आपलं कसं असतं ते सगळं समजावून सांगितलं, गोणीला गोलचा खांब करून.

गाडीत चढलात की लगेच झोपा. कसाऱ्याला मागून घाटाचं इंजिन लागतं तेव्हा एक झटका बसतो, त्याने दचकून उठून जळगाव आलं समजू नका, अजून बराच वेळ आहे. 139 वर फोन करून स्टेशन यायच्या आधी जागं करायची सोय लावता येते, शिवाय मोबाइलचा गजरही लावा. चाळीसगाव गेलं की डोळे उघडा, पाचोरा गेलं की चादर घडी करा आणि चपला शोधा. जळगावला बाहेर पडल्यावर समोर पोह्याची गाडी असते. एक प्लेट पोरीला, एक मला, मग रिक्षाने पिंप्राळा, आंघोळ, आणि साडेआठला काट्यावर तुरीची गाडी.